पेन्सिलीने लिहिलेली अकरा मतं

प्रिय ताई,

मी फोंड्याला राहते. नोकरी पणजीला, रोज कदंबाच्या बसने जाणं-येणं. मुलगी पंधरा वर्षांची, दहावीत आहे. चौथीपर्यंत मराठी शाळेत होती, पाचवीपासून इंग्रजी, आणि आता वाचते ते सगळं इंग्रजीच. व्हॅम्पायर, लांडगे, देवदूत, पऱ्या, असलंच. गणेश चवथीला आजोबांनी दिलेल्या पैशांतून तिने ‘ट्वायलाइट’ ह्या व्हॅम्पायरच्या कादंबरीचे चारही भाग घेतले. ही काय वाचते ते बघावं म्हणून पहिला भाग मी पर्समध्ये टाकला आणि बसमध्ये वाचला. मग दुसरा, मग तिसरा. तिला सांगितलं नाही. वाचताना राग यायचा तेव्हा पेन्सिलीने कडेला लिहीत गेले. पुसायचं राहून गेलं. तिने पुस्तकं वर्गातल्या मैत्रिणीला दिली आणि मैत्रिणीने मधल्या सुट्टीत माझी वाक्यं मोठ्याने वाचून दाखवली. घरी येऊन मुलगी एवढंच म्हणाली, “हें कितें बरयलां तुवें?” (हे काय लिहिलंयस तू?) त्याला तीन आठवडे झाले. मी यायच्या आधी भात लावून ठेवते, अभ्यास करते, पण माझ्याशी कामापुरतंच बोलते. नणंद म्हणते, पुस्तकं उचलून माळ्यावर टाक, परीक्षा झाल्यावर बघू. माझी मतं चुकीची आहेत असं मला वाटत नाही. ती तिला नीट बसवून सांगावीत की गप्प राहावं? आणि तिला चांगल्या मराठी पुस्तकांकडे कसं वळवू? लिहिलेली सगळी वाक्यं सोबत उतरवून पाठवते.

एक वाचक, फोंडा

प्रिय वाचक,

तुमचं पत्र बाजूला ठेवून मी आधी ती अकरा वाक्यंच वाचली. त्यांतली आठ रागाची आहेत. नायक रात्री खिडकीतून आत येतो तिथे तुम्ही लिहिलंय, ‘पोलिसात द्या ह्याला.’ लगेच त्याखाली, ‘बाप पोलीस, आणि त्याच्याच घरात हा!’ पुढे ‘अभ्यास कधी करते ही?’, ‘दोन मुलगे, एक मुलगी, पुन्हा तेच’, ‘आई कुठे आहे हिची?’ आणि अशीच आणखी. उरलेली तीन वेगळी आहेत. एका पावसाच्या पानावर आहे, ‘हा पाऊस आमच्यासारखाच. ह्यांचेही कपडे वाळत नसणार.’ दुसऱ्या भागात नायक तिला सोडून जातो, त्यानंतर चार पानं जवळजवळ कोरी येतात, त्यांवर फक्त महिन्यांची नावं, ऑक्टोबर ते जानेवारी. तिथे तुम्ही लिहिलंत, ‘बाणस्तारीचा पूल कधी गेला कळलं नाही.’ आणि तिसऱ्या भागात जेकब, तिचा लांडगा होणारा मित्र, जबरदस्तीने तिचा मुका घेतो आणि ती त्याला ठोसा मारते, तिथे, ‘बरं केलंस गो.’

ही तीन वाक्यं लिहिणारी बाई मला फार आवडली. तुमच्या मुलीलाही आवडेल. पण तिची गाठ पडली ती त्या आठ वाक्यांशी, तीसुद्धा अख्ख्या वर्गासमोर, दुसऱ्या कोणाच्या तोंडून.

माफीचं आधी बोलू, ती लांबवण्यात अर्थ नाही. मतं आहेत म्हणून माफी मागायची नाही. पुस्तक तिचं होतं, आजोबांनी दिलेल्या पैशांचं, तिने स्वतः निवडून घेतलेलं. त्यात तिला न विचारता लिहिलंत आणि तिच्या नकळत वाचलंत, एवढ्याचीच माफी मागायची. ‘तुझ्या काळजीपोटी वाचलं’ हे पुढे जोडू नका. ते जोडलं की माफी उरत नाही, समज देणं होतं. आणि एक गोष्ट तिला खरी सांगा, जी तुम्ही पत्रातही पुरती सांगितलेली नाही. पहिला भाग तुम्ही लक्ष ठेवायला म्हणून उचललात, हे मान्य. तिसऱ्या भागापर्यंत कोणी लक्ष ठेवायला म्हणून वाचत नाही. पुढे काय झालं ते कळल्याशिवाय राहवेना म्हणून तुम्ही वाचलंत. ते तिला कळू दे.

त्या आठांतल्या एका वाक्यापाशी मी जास्त वेळ थांबले. नायिका, बेला, बापासाठी रात्रीचं जेवण करते त्या पानावर तुम्ही लिहिलंय, ‘पोरीच्या जातीला इथेही चूल सुटली नाही.’ तुमचा राग बरोबर आहे. पण ते वाक्य कोणी वाचलं ते आठवा. तुम्ही पणजीहून येईपर्यंत रोज भात लावून ठेवणाऱ्या मुलीने. पहिल्या भागात बेला आईला सोडून फोर्क्स नावाच्या त्या पावसाळी गावात येते, कशासाठी? आईचं दुसरं लग्न झालंय, आईला नव्या नवऱ्याबरोबर फिरता यावं, म्हणून. आल्यावर बापाच्या स्वयंपाकाचं तीच बघते. थोडक्यात, ही मुलगी आपल्या आईबापांना सांभाळते आहे. व्हॅम्पायर येण्याआधीची ती वीस-पंचवीस पानं आपण मोठी माणसं भराभर उलटतो. पंधरा वर्षांची मुलगी ती उलटत नाही. तिला त्यात आपलं काही दिसलं असेल, किंवा नसेलही. मी तुमच्या घरी आलेली नाही. पण हे विचारण्यासारखं आहे, आणि विचारायचं असेल तर त्या एका वाक्याबद्दल तिला वेगळं सांगा, की ते तुझ्यावर लिहिलेलं नव्हतं.

आता तुमच्या मतांकडे येते, कारण ती मला महत्त्वाची वाटतात.

नायकाबद्दल तुम्ही लिहिलंत त्यातला शब्दही मागे घेऊ नका. एडवर्डला १९१८च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत सतराव्या वर्षी व्हॅम्पायर केलेलं, म्हणजे दिसायला सतरा आणि वयाने शंभरीच्या आसपास. तो रात्री तिच्या खोलीत येऊन तिला झोपलेली बघत बसतो. हे तिला ठाऊक नसतं, तो स्वतः कबूल करतो तेव्हा कळतं. तिसऱ्या भागात तिने जेकबला भेटायला जाऊ नये म्हणून तो तिच्या ट्रकच्या इंजिनातला भाग काढून ठेवतो. तिच्याच भल्यासाठी, असं म्हणून. व्हॅम्पायर हा शब्द अंगठ्याने झाकून ही दोन्ही पानं वाचली की एक मुलगा उरतो, जो मुलीला कळू न देता तिच्यावर नजर ठेवतो आणि तिने कुठे जायचं ते ठरवतो. असे मुलगे फोंड्यात आहेत, म्हापशात आहेत. त्यांना व्हॅम्पायरचे सुळे नसतात आणि एडवर्डसारखे ते उन्हात चमकत नाहीत, म्हणून लवकर ओळखू येत नाहीत. ही भीती खरी आहे आणि आईने ती बोलून दाखवलीच पाहिजे.

फक्त मुलगी काय म्हणेल तेही ऐकून ठेवा. ती म्हणेल, आई, तो व्हॅम्पायर आहे, म्हणूनच तर. ह्यात तथ्य आहे. अद्भुताच्या गोष्टीत भीती आणि ओढ एका अंगात घालता येतात, साध्या गोष्टीत ते जमत नाही. ज्याच्याजवळ जावंसं वाटतं तोच आपल्याला खाऊन टाकेल की काय, ही भावना ह्या वयाच्या मुलींना चांगली ठाऊक असते आणि तिच्याबद्दल बोलायला घरात जागा नसते. ह्या पुस्तकात तिला जागा मिळते. शिवाय तुमच्या नजरेतून निसटलं असं मला वाटतं ते हे की बेलाला स्वतः व्हॅम्पायर व्हायचं असतं आणि सबंध गोष्टीत तिला पुन्हा पुन्हा नाही म्हटलं जातं. नायकही नाही म्हणतो. पण शेवटी होतं ते तिला हवं तेच. पंधराव्या वर्षी, जेव्हा शाळा, ट्यूशन, अंगातले कपडे, केसांची लांबी सगळं दुसरेच ठरवत असतात, तेव्हा चारशे-पाचशे पानं हट्ट धरून तो पुरा करून घेणारी मुलगी वाचायला कसं वाटत असेल! मी त्या वयाची असते तर मीही रात्रभर वाचलं असतं.

त्या कोऱ्या पानांचंही तेच. प्रियकर सोडून गेला तर लेखक चार ओळी दुःखाच्या लिहून पुढे जातो. इथे लेखिकेने चार महिने रिकामे ठेवले. आपल्या घरांत मुलगी तोंड पाडून बसली तर आपण म्हणतो, ऊठ, तोंड धू, अभ्यासाला बस. त्या पुस्तकात कोणीतरी तिचं दुःख मोजून मापून, महिन्यांची नावं लावून मांडलं. तुम्हीही तिथे थांबलात, बस पूल ओलांडून गेली तरी तुम्हाला कळलं नाही. म्हणजे त्या पानांपुरत्या तुम्ही दोघी एकाच बाकावर होतात.

‘आई कुठे आहे हिची?’ ह्याचं उत्तर मात्र गोष्टीच्या गरजेत आहे, आयांच्या अपमानात नाही. आई घरात असली की मुलगी रात्री रानात जाऊ शकत नाही. म्हणून अशा गोष्टींत आईबाप मारावे लागतात, नाहीतर दूर पाठवावे लागतात. हॅरी पॉटर पोरका आहे तो ह्याचसाठी, आणि आपल्या कहाण्यांतल्या राजकन्या सावत्र आईच्या हाती असतात त्याही ह्याचसाठी. ज्या २००५ साली ‘ट्वायलाइट’चा पहिला भाग आला, त्याच वर्षी पर्सी जॅक्सनचं पहिलं पुस्तक आलं. त्यातला मुलगा आईला परत आणायला थेट पाताळात जातो. आया नाहीतच असं नाही.

राहिलं ‘दोन मुलगे, एक मुलगी, पुन्हा तेच’. ह्यावर मला बरंच सांगायचं आहे, कारण तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं, मराठीकडे वळवायच्या प्रश्नाचं उत्तरही मला तिथेच दिसतं.

त्या पुस्तकाच्या यशानंतर तसल्याच घाटाची पुस्तकं ढिगाने आली हे खरं. व्हॅम्पायरच्या जागी देवदूत, देवदूताच्या जागी परीलोकातला राजपुत्र, आणि मुलगी दोघांच्या मध्ये. कंटाळा येणं साहजिक आहे. माझ्या हातून गावच्या वाचनालयात मुलामुलींना पुष्कळ पुस्तकं दिली गेली, तेव्हा त्यांतली मीही वाचली आणि बरीचशी पन्नासाव्या पानावर मिटली. पण ही मांडणी परदेशातून आली असं मानू नका. ‘वेताळ पंचविशी’तली ती गोष्ट आठवते? अकराव्या शतकातल्या सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’तही ती आहे. एका मुलीला तिघे मागणी घालतात. कोणालाच दिली जात नाही आणि ती तापाने मरते. एक जण तिच्या राखेवर स्मशानातच झोपू लागतो. दुसरा अस्थी घेऊन गंगेला जातो. तिसरा भटकत भटकत कुठूनसा संजीवनी मंत्र मिळवून आणतो आणि तिला उठवतो. आता तिघे भांडतात. गोष्ट इथे थांबते आणि राजाच्या खांद्यावरच्या प्रेतातला वेताळ विचारतो, सांग, ती बायको कोणाची?

राजा म्हणतो, जिवंत केलं तो बाप, अस्थी नेल्या तो मुलगा, राखेवर झोपला तो नवरा.

दोन नव्हे, तीन मुलगे आहेत इथे. मेलेली मुलगी उठून बसते आहे, स्मशान आहे, प्रेत बोलतं आहे. तुमच्या मुलीच्या कपाटातल्या कुठल्याही पुस्तकात शोभेल अशी ही गोष्ट. आणि एक गोष्ट मला हल्ली खटकू लागली. वेताळ राजाला विचारतो, राजा उत्तर देतो, पण ज्या मुलीबद्दल हे चाललंय तिला कोणीच विचारत नाही. तुमच्या मुलीच्या पुस्तकात निदान मुलीला विचारलं जातं, आणि तीच ठरवते. हे सुचलं मला तुमचं पत्र वाचताना, त्या रागाच्या वाक्यामुळे. म्हणून म्हणते, मतं मारू नका असं मी सांगणार नाही.

पण वेताळाची रीत बघा. तो गोष्ट सांगतो आणि मग प्रश्न विचारतो. चूक कोणाची, शहाणा कोण, बायको कोणाची. ठाऊक असून राजा गप्प राहिला तर त्याच्या डोक्याची शकलं होतील, म्हणून त्याला बोलावंच लागतं. आपल्याकडची ही जुनी भुताची गोष्ट ऐकणाऱ्याच्या मतावर चालते. सांगणाऱ्याने निकाल देऊन टाकला असता तर दुसरी गोष्ट सुरूच झाली नसती. तुम्ही कडेला निकाल लिहिलेत. तेच प्रश्न करून बघा. ‘पोलिसात द्या ह्याला’ ऐवजी, ‘तो खिडकीतून आला हे तिला आधी ठाऊक असतं तर तिने काय केलं असतं?’ ‘ट्रकचा भाग काढला तेव्हा तुला कसं वाटलं?’ मत तेच राहतं, धारही तीच राहते, पण समोरच्याला बोलायला जागा मिळते. आणि ती जे म्हणेल ते पुरतं ऐकून घ्या, मधेच ‘पण’ म्हणू नका.

वेताळाचा विषय निघाला म्हणून सांगते. १८४७ साली रिचर्ड बर्टन नावाचा मुंबईच्या सैन्यातला इंग्रज अधिकारी आजारपणाच्या रजेवर गोव्यात आला होता, आणि १८५१ साली त्याचं गोव्याबद्दलचं पुस्तक निघालं. त्याच माणसाने १८७० साली वेताळाच्या काही कथा इंग्रजीत नेल्या आणि पुस्तकाच्या नावातच वेताळाचा व्हॅम्पायर केला. ब्रॅम स्टोकरचा ड्रॅक्युला त्यानंतर सत्तावीस वर्षांनी, १८९७ साली आला. आपला वेताळ रक्त पीत नाही. काणकोणात, लोलयेला आणि पैंगीणला, तो गावाचा देव आहे. रात्री गावाच्या राखणीला फिरून त्याच्या वाहाणा झिजतात, म्हणून भाविक त्याला चामड्याच्या नव्या वाहाणा वाहतात. सासष्टीतल्या बेताळभाटी गावाच्या तर नावातच तो आहे. इंग्रजीत जाताना त्या राखणदाराचा रक्तपिपासू झाला. तुमच्या मुलीच्या पुस्तकातल्या लांडग्यांचंही काहीसं असंच झालं आहे. क्विलेयूट ही अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातली खरीखुरी जमात आहे आणि आपले पूर्वज लांडग्यांपासून माणसं झाले अशी त्यांची स्वतःची कथा आहे. कादंबरीत ती उलटी झाली, माणसांचे लांडगे झाले. हे तिला कदाचित ठाऊक असेल, ह्या वयाची मुलं अशा गोष्टी खोदून काढतात. ठाऊक असेल तर तिच्याकडून ऐका. नसेल तर वेताळाच्या वाहाणांची गोष्ट तिला सांगा, आणि सांगताना ‘बघ, आपल्याकडेही आहे’ हा सूर लावू नका. तो सूर मुलं एका क्षणात ओळखतात.

माझी आजी पेडण्याची. तिच्या गोष्टींत देवचार असायचा, हातात काठी आणि दिवटी, वाट चुकलेल्याला घराच्या आगराशी आणून सोडणारा. आम्ही घाबरून तिच्या पदरात शिरलो की ती म्हणायची, “तो वायट न्हय गो, तो आमचो.” हेही मतच होतं. पण ते गोष्टीच्या पोटात होतं, आणि आम्ही विचारल्यावर आलेलं होतं.

त्याच घरात दुसरंही घडलं. मी चौदा वर्षांची असताना नारायण धारपांची भयकथांची पुस्तकं वाचनालयातून आणून रात्री अंथरुणात, रॉकेलच्या कंदिलाच्या उजेडात वाचत असे. कंदिलाची काच काळी झालेली पाहून वडिलांना कळलं. त्यांनी आरडाओरडा केला नाही. माझ्या हातातून पुस्तक घेतलं, पान कुठलं होतं ते न बघता मिटलं, दुसऱ्या दिवशी वाचनालयात परत केलं आणि तिथल्या माणसाला सांगून आले, हिला असलं देऊ नका. ते पुढे सव्वीस वर्षं जगले. पेपरातल्या बातम्यांवर आम्ही बोललो, शेतावर बोललो, माझ्या लग्नाचं बोललो. एकाही पुस्तकावर बोललो नाही. ते स्वतः चांगले वाचक होते. नाथमाधवांच्या कादंबऱ्या त्यांनी तरुणपणी पारायणं करून वाचल्या होत्या, त्यांतही गुप्त वाटा आणि अद्भुत काय कमी होतं! हे मला कळलं ते त्यांच्या माघारी, ट्रंकेत ती पुस्तकं सापडली तेव्हा. एका पुस्तकाच्या कडेला त्यांच्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘वा!’ मला ते ‘वा’ त्यांच्या तोंडून ऐकायला फार आवडलं असतं.

म्हणून नणंदेला सांगा, पुस्तकं माळ्यावर जाणार नाहीत. परीक्षेच्या दिवसांत रात्री किती वाजेपर्यंत वाचायचं ह्याची वेळ दोघींनी मिळून ठरवा, तेवढा आईचा अधिकार आहे. आणखी एक अधिकार वापरा. हल्ली पऱ्यांच्या राजवाड्यांच्या काही मालिका दिसायला मुलांच्या पुस्तकांसारख्या असतात आणि आत मजकूर मोठ्यांसाठीचा, अगदी उघड शृंगाराचा असतो. दुकानात दोन्ही एकाच फळीवर दिसतात. त्याबद्दल तिच्याशी सरळ बोला, एकदाच, न लाजता. ‘ट्वायलाइट’ त्यातलं नाही.

मराठीचं म्हणाल तर वळवू नका. वळवायला ती काही चुकीच्या वाटेवर नाही. मराठी कादंबरीची सुरुवातीची मोठी वाटच अद्भुताची होती. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ सालची. तुमची मुलगी वाचते तसलं वाचतच आपली आजी-पणजीची पिढी मराठी वाचायला शिकली. चौथीपर्यंतचं मराठी तिच्या जवळ आहेच, तुमची पेन्सिलीची वाक्यं तिने आणि तिच्या मैत्रिणीने अडखळत नाही वाचली. धारप, रत्नाकर मतकरींच्या गूढकथा, वेताळ पंचविशीची एखादी साधी प्रत, हे घरात आणा आणि स्वतः वाचा. तुमच्या उशाशी राहू दे. हातात देऊ नका. पणजीला कदंबाच्या स्टँडवरून पाटोला चालत गेलात की कृष्णदास शामा ग्रंथालय आहे. १८३२ पासूनचं आहे ते, आणि तुमच्या बसला उशीर असेल तेव्हा बसायलाही बरं. तिच्यासाठी म्हणून काही आणायचंच असेल तर इंग्रजीतच आणा, उर्सुला ले ग्विनचं ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’, १९६८ सालचं. त्यातला जादूगार मुलगा गर्वाने एक सावली मोकळी सोडतो आणि मग सगळं पुस्तकभर आधी तिच्यापासून पळतो, नंतर तिचा पाठलाग करतो. ज्याचं खरं नाव कळेल त्याच्यावर सत्ता चालते, अशी तिथली जादू आहे. नायक सावळा आहे. दोन मुलगे आणि एक मुलगी त्यात नाही, तुम्हाला बरं वाटेल.

आता करायचं काय ते सांगते. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर, ती भांडी आवरायला उठायच्या आत, तुम्ही उठा आणि भांडी तुम्ही आवरा. मग तीनही पुस्तकं तिच्यासमोर ठेवा, सोबत खोडरबर ठेवा आणि विचारा, पुसू की राहू दे? ती पुस म्हणाली तर तिच्यासमोर बसून पुसा, आठच्या आठ. कागद चुरगळणार नाही असं, हळू. ती तीन वाक्यं पुसायच्या आधी मात्र तिला दाखवा. महिन्यांच्या नावांचं पान उघडून सांगा, इथे मी बसमध्ये होते. बाकी काही बोलू नका. ती बोलली तर बोलली, नाही बोलली तर उठून चहा टाका. तीन आठवड्यांची गाठ एका दुपारी सुटेलच असं नाही, पण तुमच्याकडून ती तेवढ्याने सैल होईल.

पुढच्या मतांसाठी शंभरपानी वही घ्या, तुमची स्वतःची. त्यात हवं तेवढं रागवा. ती वही तुम्ही कुठे ठेवता हे तिला माहीत असू दे.

आणि चौथा भाग तुम्ही अजून उघडलेला नाही, असं पत्रावरून दिसतं. त्यात जेकबच्या बाबतीत असं काही घडतं की तुमची वही चार दिवसांत भरेल. पण तो तिच्या कपाटातून गुपचूप काढू नका. तिच्याकडे मागा. ‘पुढचा दे ना वाचायला’ म्हणा, आणि ती देईपर्यंत थांबा.

तुमची,
ताई